उड्डाणाची तारीख कोणी ठरवायची?

(मुरबाड येथील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



एखादे राष्ट्र क्षेपणास्त्राच्या चाचणीची तयारी करू लागले की शेजारच्या राजधान्यांत खलबते सुरू होतात आणि दूरच्या महासत्ता उपदेश करू लागतात. भारताने हा अनुभव पुरेपूर घेतला आहे. म्हणूनच विचारायचे ते एवढेच, की आपल्या उड्डाणाची तारीख कोणी ठरवायची?

या प्रश्नाचे मोल आपल्या भूमीला ठाऊक आहे. १६३६ साली मोगल आणि आदिलशाही एकत्र आली आणि माहुली गडावर शहाजीराजांना तह करावा लागला. पराक्रम उणा नव्हता, पण पाठीशी स्वतःचे राज्य नव्हते. पुढे शिवछत्रपतींनी माहुली जिंकला, १६६५च्या पुरंदरच्या तहात तो द्यावा लागला आणि १६७० मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला. गड गेला, तरी तयारी थांबली नव्हती.

अग्नी क्षेपणास्त्राची कथा याहून फार वेगळी नाही. १९८७ मध्ये सात प्रगत देशांनी क्षेपणास्त्र तंत्रज्ञानावर निर्बंध घातले. त्यांतील अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स स्वतः अण्वस्त्रधारी होते! १९८९ साली २० एप्रिल आणि १ मे रोजीचे आपले प्रयत्न अखेरच्या क्षणी थांबवावे लागले. २२ मे रोजी मात्र चांदीपूरहून अग्नी झेपावले. फेब्रुवारी १९९४ मधील चाचणीनंतर अमेरिकेच्या दबावाच्या छायेत पाच वर्षे अग्नीचे उड्डाण झाले नाही. या काळात शेजारी थांबला काय? ६ एप्रिल १९९८ रोजी पाकिस्तानने घौरी उडवले. अखेर ११ एप्रिल १९९९ रोजी, अटलजींच्या शासनकाळात, अग्नी-२ने आकाश गाठले. आपण थांबलो म्हणून शांतता आली नाही, केवळ आपली वर्षे गेली.

परंतु केवळ बळ पुरत नाही, बळाला मर्यादेचीही जोड लागते. १३ एप्रिल २०१२ रोजी उत्तर कोरियाने अग्निबाण सोडला. तो फसला आणि सुरक्षा परिषदेने त्या देशाचा निषेध केला. सहाच दिवसांनी भारताने पाच हजार किलोमीटर पल्ल्याच्या अग्नी-५ची यशस्वी चाचणी केली, पण तसा निषेध झाला नाही. कारण भारताच्या शब्दाला पत होती. २००५च्या करारानुसार भारत व पाकिस्तान बॅलिस्टिक क्षेपणास्त्र चाचणीची किमान तीन दिवस आधी एकमेकांना सूचना देतात. सूचना देणे म्हणजे परवानगी मागणे नव्हे! २०१६ मध्ये, ज्या गटाने आपल्याला बाहेर ठेवले होते, त्याच गटाने भारताला सन्मानाने सदस्यत्व दिले.

तरीही गाफील राहून चालणार नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये भारताने चिंता व्यक्त करूनही उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग घेणारे चिनी जहाज श्रीलंकेच्या हंबनटोटा बंदरात आले. चाचणी आपली असली, तरी तिच्यावर डोळे दुसऱ्यांचेही असतात.

ही लढाई केवळ दिल्लीत लढली जात नाही. अंबरनाथमध्ये नौदलासाठी लागणाऱ्या पदार्थांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे. पुण्यात पाषाणच्या प्रयोगशाळेत क्षेपणास्त्रांच्या इंधनावर, तर दिघीत प्रक्षेपकांवर काम चालते. ही ठिकाणे मुरबाडपासून काही तासांच्या अंतरावर आहेत. आपल्या घरातील मुला-मुलींना गणित आणि विज्ञानाची गोडी लावा, त्यांना या प्रयोगशाळांची वाट दाखवा. ज्या राष्ट्राचे इंधन, धातू आणि बुद्धी स्वतःची असते, त्याच्या उड्डाणाची तारीख दुसरा कोणी ठरवू शकत नाही.

भारतमाता की जय!