शेळीचं पुढचं वेत

मंडळी, माज एकत्र आणणं, संप्रेरकांची इंजेक्शनं, शेळीचं २१ दिवसांचं चक्र हे इथल्या निम्म्या लोकांना पाठ आहे, ते सोडतो. १८९० साली वॉल्टर हीपनं एका सशिणीचे भ्रूण दुसरीच्या पोटात वाढवले. पुढे १९३०च्या दशकात टेक्ससमध्ये वॉरविक आणि बेरी यांनी ते काम शेळ्या-मेंढ्यांत नेलं. एवढं सांगून थेट शस्त्रक्रियेच्या टेबलाकडे येतो.

अध्यक्ष म्हणाले, या भ्रूण प्रत्यारोपणाच्या तंत्रानं एकाच शेळीची कितीतरी करडं मिळतात. मागच्या रांगेत लगेच हिशेब सुरू झाले! (हशा) हसा, पण माझं म्हणणं ऐका. किती भ्रूण निघाले यावरून शस्त्रक्रिया चांगली ठरत नाही. ज्या शेळीचं पोट उघडलं, ती पुढच्या वेताला गाभण राहिली तर शस्त्रक्रिया चांगली.

भरवल्यानंतर सहाव्या-सातव्या दिवशी शेळी घेतात. आदल्या दिवसापासून चारा बंद, नाहीतर भुलेत पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जातं. कासेच्या जरा पुढे मधोमध छेद. बीजकोशावरचे पीतपिंड मोजायचे. एरवी दोन-तीन, इंजेक्शनांनंतर दहा-पंधराही. मग गर्भाशयाच्या शिंगात फुगा असलेली बारीक नळी बसवायची, टोकाकडून कोमट द्रावण सोडायचं. ते भ्रूण घेऊन नळीवाटे बशीत उतरतं.

यात बोटं किती लागली, हा माझा प्रश्न आहे. उघडं शिंग दिव्याखाली सुकलं, हातमोज्याची पावडर लागली, रक्ताचा थेंब राहिला, की आतले अवयव एकमेकांना चिकटतात.

दोनदा भ्रूण काढलेली एक उस्मानाबादी शेळी माझ्याकडे आली होती. मालकीणबाई म्हणाल्या, “डॉक्टर, हिनं आधी जुळी दिलीत. आता माजावर येते, भरवून आणतो, पण गाभ ठरत नाही.” पोट उघडलं. बीजकोशावर पीतपिंड होता, म्हणजे बीज सुटत होतं. पण बीजनलिकेचं झालरीसारखं तोंड पांढुरक्या पडद्यात गुंडाळलेलं. बीज झेलायला ते मोकळंच नव्हतं. बाई कोपऱ्यात उभ्या राहून विचारत होत्या, “हिचं काय चुकलं?” त्या शेळीवर त्यांच्या घरचा दुधाचा चहा चालायचा. मी बाहेर येऊन बराच वेळ त्यांच्याशी बोलत बसलो. बाजारात न्यायची का, एवढाच त्यांचा प्रश्न उरला होता.

समोर माझे सहकारी बसलेत, त्यांना हे टोचतंय हे दिसतंय मला. मी तंत्राच्या विरुद्ध नाही. गोठवलेल्या भ्रूणांतून बोअर शेळी आपल्या फलटणला आली, याचा मला अभिमान आहे. पण पावडर नसलेले मोजे, कोमट सलाइनची सततची धार, बारीक टाके, याला पैसा लागत नाही म्हणावं इतका कमी लागतो. आणि जमेल तिथे दुर्बिणीनं करा. छिद्रं लहान, चिकटणं कमी, त्याच शेळीवर पुन्हा काम करता येतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. चित्रफिती राहू द्या. भ्रूण जिच्यात ठेवायचे त्या दाई शेळीचं एकच सांगतो: ज्या बाजूला पीतपिंड, त्याच बाजूच्या शिंगात भ्रूण ठेवा. शेळीचा गाभ शेवटपर्यंत पीतपिंडावरच टिकतो. आणि उद्यापासून नोंदवहीत भ्रूणांच्या आकड्याशेजारी एक रकाना आखा: दात्या शेळीचं पुढचं वेत. सहा महिन्यांनी मालकाला फोन करून तो भरा. आता प्रश्न घेतो, आधी मागच्या रांगेतले.