गावचे इंटरनेट : कालवा आला, पाटसरीचे काय?

(शेतकरी मेळाव्यात एका निवृत्त ग्रामसेवकाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सेवाग्रामचा आश्रम आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. तेथे एक जुना टेलिफोन जपून ठेवला आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी तातडीने बोलता यावे म्हणून तो बसवला गेला, असे तेथे सांगतात. बापू १९३६ मध्ये त्या खेड्यात राहायला आले आणि त्यांच्यामागे तार आली. गरज दिल्लीला होती, म्हणून आली. आजूबाजूच्या गावांनी टेलिफोनसाठी पुढे कितीतरी वर्षे वाट पाहिली.

आज मला बोलायचे आहे ते गावात येणाऱ्या नव्या तारेविषयी, म्हणजे इंटरनेटच्या काचतंतूच्या तारेविषयी, ज्याला आपण फायबर म्हणतो. या तारेवर सरकारने मोठा पैसा खर्च केला आहे. तो आपल्या वावरापर्यंत कितपत पोहोचतो, हे पाहायचे आहे. मी काही टेलिफोन खात्यातला माणूस नव्हे. पंचवीस वर्षे ग्रामसेवक होतो, आता घरची पऱ्हाटी आणि तूर पाहतो. (२०२४ पासून आमच्या पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी झाले. काम तेच आहे.)

प्रथम आपली गरज पाहू. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्यावर पीक चढले नाही, तर हमीभावाच्या खरेदीपासून नुकसानभरपाईपर्यंत सगळीकडे अडते. एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागू लागला. आणि २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाने कापूस विकण्यासाठी 'कपास किसान' या ॲपवर नोंदणी सक्तीची केली. त्या वर्षी हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल होता. हिंगणघाटच्या बाजारात व्यापाऱ्याचा भाव त्याहून खाली असेल, तर नोंदणी हुकलेल्या शेतकऱ्याचे दर क्विंटलमागे किती गेले, याचा हिशेब आपण घरी करावा. नोंदणीची मुदत आधी ३० सप्टेंबर होती. ती पुढे वाढवावी लागली. नांगर, बैल, बियाणे यांच्याइतकेच आता इंटरनेट हे शेतीचे साधन झाले आहे, ते असे.

कोणी म्हणेल, "मोबाइलवर चालते ना, मग तारेची काय गरज?" चालते, नाही असे नाही. पण मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात अख्खे गाव एकाच टॉवरवर बसते, तेव्हा काय होते ते आपण पाहिलेच आहे. विहीर एक आणि मोटर वीस, असा तो प्रकार. सरकारी संगणकच अडला असेल, म्हणजे ज्याला 'सर्व्हर डाऊन' म्हणतात, तर मात्र गावच्या तारेचा काही दोष नाही. हे दोन दोष वेगळे आहेत आणि त्यांची तक्रारही वेगळ्या ठिकाणी करावी लागते.

आता पैशाविषयी. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली. तिचेच नाव पुढे भारतनेट झाले. जुलै २०१७ मध्ये दुसरा टप्पा मंजूर झाला. त्यात काही राज्यांनी काम स्वतःकडे घेतले. महाराष्ट्र त्यांपैकी एक, आणि आपल्याकडे हे काम महानेट या नावाने ओळखले जाते. २६ जिल्ह्यांतील सुमारे साडेबारा हजार ग्रामपंचायती त्यात धरल्या होत्या. पैसा मुख्यत्वे केंद्राच्या निधीतून, काम राज्याच्या माहिती तंत्रज्ञान महामंडळाकडे आणि वाढीव खर्चाचा भार राज्यावर, अशी ही रीत होती. पहिल्या टप्प्याचे काम मात्र केंद्राच्या कंपन्यांनी केले होते. म्हणून आपले गाव पहिल्या टप्प्यातले की दुसऱ्या, हे माहीत करून घेणे आवश्यक आहे. तार कोणी टाकली हे कळल्याशिवाय दुरुस्तीसाठी कोणाच्या दारी जायचे ते कळत नाही.

केंद्राचा हा निधी येतो कोठून? टेलिफोन कंपन्यांच्या हिशेबी उत्पन्नातून शेकडा ५ रुपये या निधीत जातात. आधी त्याला सार्वत्रिक सेवा निधी म्हणत, २०२४ पासून डिजिटल भारत निधी म्हणतात. कंपनीचे उत्पन्न म्हणजे तुमचे-आमचे रिचार्ज. तेव्हा हे कोणाचे दान नव्हे, या कामात आपलाच पैसा आहे. ग्रामसभेत प्रश्न विचारताना हे ध्यानात असू द्यावे. आवाज आपोआप थोडा सरळ होतो.

या योजनेची रचना आपल्याला पटकन समजेल, कारण आपण बोर धरणाचा कालवा पाहिला आहे. तालुक्याहून निघालेली तार हा कालवा. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरची पेटी म्हणजे कालव्याचे दार. तेथून शाळा, दवाखाना, सेवा सोसायटी आणि घरे यांच्याकडे जाणारी तार ही पाटसरी. सरकारचा बहुतेक पैसा दारापर्यंत खर्च झाला. दारापलीकडची पाटसरी बऱ्याच गावांत कोणी खोदलीच नाही. धरणाच्या उद्घाटनाला सगळे येतात, पाटसरीतला गाळ काढायला कोणी येत नाही, हे मी माझ्या नोकरीत फार जवळून पाहिले आहे.

दुसरी अडचण टेलच्या गावांची. सुरुवातीच्या कामात तार बहुधा एका रांगेत गेली. तालुका, मग एक गाव, मग पुढचे गाव. मध्ये कोठे जेसीबीने तार तोडली की पुढची सगळी गावे कोरडी. टेलच्या शेतकऱ्याला जे पाण्याचे, तेच टेलच्या गावाला इंटरनेटचे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला, त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक, तार रिंगणाने न्यायची, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालू राहील. आणि दुसरी, मला जास्त मोलाची वाटते ती, दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च योजनेतच धरला आहे. हे आधीच व्हायला हवे होते.

का ते सांगतो. मी नोकरीला लागलो त्या काळात खेड्यात रेडिओवर चालणारे सार्वजनिक टेलिफोन आले होते. उंच खांब, त्यावर अँटेना, खाली बॅटरी. बसवताना हार घातला, नारळ फोडला. बॅटरी उतरली आणि फोन मुका झाला. हे आमच्याच गावात घडले असे नाही. देशभरातील असे सुमारे १ लाख ८५ हजार फोन बदलण्याचे काम २००३ पासून त्याच सार्वत्रिक सेवा निधीतून हाती घ्यावे लागले. बसवायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही, ही जुनी खोड आहे. मेळघाटातील हरिसाल हे गाव २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून गाजले. २०१९ मध्ये तेथे इंटरनेट चालते की नाही यावरच जाहीर वाद झाला. कोण खरे त्यात मी पडत नाही. पण चालू-बंदची लेखी नोंद गावाकडे असती, तर वाद एका दिवसात मिटला असता.

याउलट उदाहरण वारणेचे. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या सीमेवरील वारणा भागात सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. खर्चाचा निम्मा भाग केंद्राचा, ४० टक्के राज्याचा आणि १० टक्के वारणेच्या सहकारी संस्थांचा. शेतकरी तेथे जाई तो उसाचे वजन, तोडीची तारीख आणि बिल पाहायला. बाकी मोठमोठे बेत बरेचसे कागदावर राहिले. पुढे २००६-०७ च्या सुमारास संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या संदेशावर तेच काम करून पाहिले आणि ते जमले. यातून मी एवढेच घेतो की शेतकऱ्याचे रोजचे एक काम ज्या तारेवर चालते, ती तार बंद पडली की ओरड होते आणि दुरुस्ती होते. वारणेला कारखाना होता. आपल्या जिल्ह्यात तसा आधार नाही. आपल्याला ग्रामपंचायत आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांवरच भागवावे लागेल.

उपग्रहावरून इंटरनेटचीही चर्चा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य शासनाने स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्रावर सही केली, पण त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम हे जिल्हे पुढे ठेवले आहेत. वर्ध्याने तारेकडेच लक्ष द्यावे.

आमच्या गावची गोष्ट सांगतो. पेटी बसली, दोन महिने छान चालली. मग नळयोजनेच्या पाइपासाठी खोदाई झाली आणि लाल दिवा लागला. ठेकेदार म्हणे, तार येथे आहे हे आम्हाला कोणी सांगितले? तक्रार कोठे करायची ते सरपंचाला माहीत नव्हते, मलाही नव्हते, आणि ग्रामसेवक मीच! सात महिने पेटी तशीच होती. तेवढ्यात ग्रामपंचायतीचे वीजबिल थकले, तोही दिवा गेला. चूक खोदणाऱ्याची खरी, पण निम्मी आमची.

म्हणून काही साध्या गोष्टी कराव्यात. पेटीवरचे दिवे पाहायला शिकावे. विजेचा दिवाच बंद असेल, तर दोष वीज किंवा बॅटरीचा. वीज आहे पण 'लॉस' नावाचा लाल दिवा पेटला आहे, तर प्रकाश पेटीपर्यंत येत नाही, म्हणजे बहुधा तार तुटली. एवढे सांगता आले तरी तक्रार नीट नोंदते. तार कोठून जाते त्याचा साधा नकाशा काढून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा, आणि गावात कोणतीही खोदाई होण्यापूर्वी ठेकेदाराला तो दाखवावा. केंद्राने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप खोदणाऱ्यांसाठीच काढले आहे. ठेकेदाराने त्यावर सूचना दिली का, हे विचारावे. पेटीला इन्व्हर्टर, वीजबिल आणि शाळा-दवाखान्यापर्यंतची पाटसरी यांचा खर्च ग्रामपंचायत विकास आराखड्यात मांडावा. आराखड्यात नाव नसलेल्या कामाला पैसा मिळत नाही, हे मी स्वतः आराखडे लिहिलेला माणूस म्हणून सांगतो. घरोघरची जोडणी स्थानिक केबलवाला किंवा गावचा एखादा होतकरू मुलगा करू शकतो. अशा उद्योजकांना उत्पन्नात वाटा देण्याची सोय योजनेत आहे.

आणि एक नोंदवही ठेवावी. कोणत्या तारखेला बंद पडले, तक्रार क्रमांक काय, कोण आले, केव्हा सुरू झाले. वर्षातून चार ग्रामसभा होतात, प्रत्येक सभेत ही वही वाचून दाखवावी आणि ठराव करून गटविकास अधिकाऱ्यांकडे पाठवावी. तोंडी तक्रार चहाबरोबर संपते. वहीचे रकाने मी एका कागदावर आखून आणले आहेत. तो कागद त्या टेबलावर ठेवला आहे. जेवणापूर्वी ज्यांना हवा असेल त्यांनी उतरवून घ्यावा.