गुण वेगळे, वर्तणूक वेगळी

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "काहीही बोल, फक्त व्यसनावर बोलू नकोस, नंतर जेवण आहे." मी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे, त्यामुळे त्यांची भीती रास्त आहे. म्हणून मी मॅराडोनाबद्दल बोलणार आहे.

आपण नुकतेच दहावीत गेलो होतो. २२ जून १९८६, रविवार. मेक्सिकोतला अर्जेंटिना-इंग्लंड सामना आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू झाला. आम्हा मुलींना एवढ्या रात्री कोण टीव्ही लावू देणार? पण सोमवारी मधल्या सुट्टीत तुम्ही मुलांनी तो इतक्या वेळा सांगितलात की, आम्हालाही पाठ झाला. एक्कावन्नाव्या मिनिटाला त्याने हाताने गोल केला आणि पंचांना दिसला नाही. त्यानंतर चारच मिनिटांत स्वतःच्या अर्ध्या मैदानातून चेंडू घेऊन, वाटेतल्या सगळ्यांना चकवत त्याने दुसरा गोल केला. लबाडी आणि चमत्कार, दोन्ही चार मिनिटांत! गंमत म्हणजे तुम्ही लबाडीचा गोल जास्त रंगवून सांगत होता.

का आवडतात आपल्याला अशी माणसं? माझ्या मते, ती आपल्या वतीने काहीतरी करतात म्हणून. १९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धात अर्जेंटिना ब्रिटनकडून हरली होती. त्या पराभवाची सल घेऊन बसलेल्या लोकांना तो हात स्वतःचाच वाटला. नेपल्समध्येही तसंच. इटलीच्या उत्तरेकडचे प्रेक्षक या गरीब शहराला घाणेरडं म्हणून हिणवायचे. ब्यूनस आयर्सच्या कडेच्या वस्तीत वाढलेला हा बुटका मुलगा १९८४ मध्ये तिथे आला आणि १९८७ मध्ये नापोलीने पहिल्यांदा इटलीची लीग जिंकली. ज्याने मान वर करून चालायला शिकवलं, त्याचे दोष कोण मोजत बसणार?

पण दोष होतेच. कोकेनची सवय बार्सिलोनात लागली, हे त्याने स्वतः सांगितलं आहे. नेपल्समध्ये ती वाढली. टोळीवाल्यांसोबतचे त्याचे फोटो छापून आले. त्याच शहरात १९८६ मध्ये त्याला एक मुलगा झाला. न्यायालयाने पितृत्व मान्य केल्यावरही त्याने कित्येक वर्षं त्या मुलाला जवळ केलं नाही. १९९१ मध्ये तो चाचणीत सापडला आणि त्याच्यावर पंधरा महिन्यांची बंदी आली. १९९४ मध्ये विश्वचषकातूनच त्याला घरी पाठवलं.

इथे माझं काम आडवं येतं. केंद्रात येणाऱ्या घरांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "तसा फार गुणी आहे हो, फक्त तेवढं एक सोडलं तर..." त्या घरातला कर्ता, हुशार, लाडका माणूस पिऊन पडलेला असतो आणि त्याच्या ऑफिसात "ताप आहे" असा फोन बायको करत असते. आई उसने पैसे गुपचूप फेडते. कोणीच वाईट नसतं. सगळे प्रेमापोटी पांघरूण घालत असतात आणि त्या पांघरुणाखाली माणूस आणखी खोल जातो. मॅराडोनाच्या बाबतीत अख्खं शहर पांघरूण घालत होतं, एवढाच फरक. रविवारी गोल होत होते, तोवर सोमवार ते शनिवार कोणी विचारलं नाही. आणि किंमत मोजली त्याच्या शरीराने आणि त्या मुलाने.

तो साठाव्या वर्षी, २०२० मध्ये गेला. नेपल्सने आपल्या स्टेडियमला त्याचं नाव दिलं. अर्जेंटिनात तर १९९८ पासून त्याच्या नावाचं एक चर्चच आहे. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. पण २००१ मध्ये निरोपाच्या सामन्यानंतर तो स्वतः काय म्हणाला ते ऐका. मी चुकलो आणि किंमत मोजली, पण चेंडूला डाग लागत नाही, असं तो म्हणाला. भक्तांना जमलं नाही ते त्याने केलं. स्वतःला आणि खेळाला वेगळं ठेवलं.

आज आपली मुलं-नातवंडं कोणाची ना कोणाची पोस्टरं लावतात. उद्या त्यातला एखादा नट किंवा खेळाडू कशात तरी सापडेल. तेव्हा आपण दोनपैकी एक करतो. "तो तसा नाहीच" म्हणतो, नाहीतर "काढ ते पोस्टर" म्हणून ओरडतो. मला वाटतं, पोस्टर राहू द्यावं आणि त्याने काय केलं, त्याचा त्रास कोणाला झाला, हेही मुलांना स्पष्ट सांगावं. मुलांना दोन्ही कळतं.

सर, बाई, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. प्रगतिपुस्तकात गुणांचा रकाना वेगळा होता आणि वर्तणुकीचा वेगळा. गणितात पैकीच्या पैकी मिळाले म्हणून कोणाचा वर्तणुकीचा शेरा तुम्ही सुधारला नाहीत. आणि दंगा केला म्हणून कोणाचे गणिताचे गुणही कापले नाहीत. दोन्ही रकाने भरून प्रगतिपुस्तक घरी जायचं, आणि पालकांना दोन्हींखाली सही करावी लागायची.

आता जेवायला चला.