'पलीकडचे' कोण ठरवतो?

(रोडपाली, ता. पनवेल येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मुख्य भाग)



रोडपालीच्या रहिवाशांना 'ट्रान्स' हा लॅटिन उपसर्ग परका नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औद्योगिक क्षेत्राचे नाव 'ट्रान्स-ठाणे क्रीक'. ठाण्याहून पनवेलकडे येणारा लोहमार्ग 'ट्रान्स-हार्बर'. आणि 12 जानेवारी 2024 रोजी उद्घाटन झालेला शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूही योजनेच्या कागदांत 'ट्रान्स हार्बर लिंक'च होता. ट्रान्स म्हणजे पलीकडे. कोणाच्या पलीकडे? अर्थातच मुंबईच्या! येथील आगरी-कोळी कुटुंबांच्या दृष्टीने मात्र मुंबईच पैलतीरावर होती. नाव ठेवण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याचा किनारा अलीकडचा ठरतो. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाखाली आल्या. मुंबईहून पाहणाऱ्याला हा पलीकडचा प्रदेश मोकळा दिसत होता. तो मोकळा नाही, हे सांगताना जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात पाच जणांना प्राण गमवावे लागले.

या उपसर्गाचा जोडीदार 'सिस', म्हणजे अलीकडे. इंग्रजांनी पतियाळा, नाभा, जिंद या संस्थानांना 'सिस-सतलज' म्हटले. लाहोरच्या रणजितसिंहाच्या दरबारातून पाहिले, तर तीच संस्थाने नदीपलीकडची होती. तात्पर्य, हे शब्द वस्तूचा गुण सांगत नाहीत. पाहणारा कोठे उभा आहे, एवढेच सांगतात.

रसायनशास्त्रात हे उपसर्ग अधिक काटेकोरपणे वापरले जातात. रेणूतील दोन गट दुहेरी बंधाच्या एकाच बाजूस असले तर 'सिस', विरुद्ध बाजूंस असले तर 'ट्रान्स'. अणू तेच, त्यांची संख्याही तीच. मांडणी तेवढी वेगळी. वनस्पती तुपातील ट्रान्स मेद हृदयाला घातक म्हणून 2022 पासून तेला-तुपातील त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांवर मर्यादित करण्यात आले. परंतु एवढ्यावरून 'ट्रान्स' म्हणजे वाईट असे कोणी मानू नये. डोळ्याच्या पडद्यातील रेटिनल हे द्रव्य प्रकाश पडताच सिस रूपातून ट्रान्स रूपात जाते आणि तेथूनच पाहण्याची क्रिया सुरू होते. दृष्टीच्या या रसायनाचा उलगडा करणाऱ्या जॉर्ज वॉल्ड यांना 1967 च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. निसर्गाला दोन्ही बाजू लागतात.

आता माणसांकडे वळू. जन्मतः नोंदवलेल्या लिंगाहून ज्यांची स्वतःविषयीची जाणीव वेगळी, त्यांना मराठीत 'पारलिंगी' म्हणतात. पार म्हणजेच पलीकडे. मग ज्यांची जाणीव त्या नोंदीशी जुळते, त्यांना काय म्हणावे? इंग्रजीत त्यांच्यासाठी 1990 च्या दशकात 'सिसजेंडर' हा शब्द पुढे आला आणि 2015 साली तो ऑक्सफर्डच्या कोशात दाखल झाला. मराठी बोलण्यात मात्र त्यांना अजून 'नॉर्मल' असेच म्हटले जाते. खरी गोम येथे आहे. बहुसंख्यांना नाव नसते, कारण ते स्वतःलाच मोजपट्टी समजतात. जातीचा प्रश्न म्हटला की तो दलितांचा, जणू सवर्णांना जातच नाही, ही समजूत आपल्या चळवळीला चांगली परिचित आहे.

'सिस' ही शिवी आहे, असा आक्षेप काही स्त्री-पुरुष घेतात. कोणताही शब्द कुत्सितपणे फेकला तर तो बोचतोच. तसा तो वापरू नये. पण मूळ अर्थाने तो कोणाचे स्त्रीत्व वा पुरुषत्व काढून घेत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच पंक्तीतला आहे : आधी भाकरी, मग ओळख. वस्तुतः ही फारकत कृत्रिम आहे. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी स्वतःचे लिंग स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. तरीही 2022 च्या पोलीस भरतीच्या अर्जात स्त्री आणि पुरुष असे दोनच पर्याय होते. प्रशासकीय न्यायाधिकरणाने पारलिंगींसाठी पर्याय ठेवण्याचा आदेश दिला, तर सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने खडसावल्यानंतर डिसेंबरात ते नमले. अर्जात रकाना नाही, म्हणून नोकरी नाही, म्हणून भाकरी नाही. 2019 साली संसदेने केलेल्या कायद्यात पारलिंगी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचारास कमाल शिक्षा दोन वर्षांची ठेवली. स्त्रीवरील बलात्कारास त्या वेळी किमान दहा वर्षांची होती. 'पलीकडच्या' माणसाच्या देहाची किंमतही कायद्याने कमी लेखली.

खाडीच्या या काठावरील माणसांना 'पलीकडचे' ठरवले जाण्याचे मोल ठाऊक आहे. म्हणूनच कामाला येथूनच आरंभ व्हावा. कामगार संघटनेचा सभासद-अर्ज, गृहनिर्माण संस्थेची नोंदवही, बचतगटाचे नियम आणि आपल्या पक्षशाखेची यादी तपासावी. जेथे दोनच रकाने असतील, तेथे तिसरा घालावा. आणि जो तो भरील, त्याला सभेत इतरांच्या बरोबरीने बसवून घ्यावे.