गहुंज्याची कसोटी



मावळ म्हटलें कीं लोहगड-विसापूरचे कडे, कार्ल्या-भाज्यांचीं लेणीं आणि लोणावळ्याचा पाऊस डोळ्यांपुढें उभा राहतो. त्याच मावळांत, पवनेच्या कांठच्या गहुंजे गांवीं, २३ फेब्रुवारी २०१७ रोजीं भारत व ऑस्ट्रेलिया यांचा कसोटी सामना सुरू झाला. या मैदानावरील ही पहिलीच कसोटी. आणि पणाला लागला होता बॉर्डर-गावसकर चषक.

हा चषक १९९६ सालचा. कसोटींत दहा हजार धावांचा पल्ला प्रथम गांठणारे आपले सुनील गावसकर आणि अकरा हजारांचा पल्ला प्रथम गांठणारे ऑस्ट्रेलियाचे अ‍ॅलन बॉर्डर, या दोन प्रतिस्पर्ध्यांचीं नांवें त्यानें एकत्र धारण केलीं आहेत.

भारतीय संघ त्यापूर्वीं सलग १९ कसोट्यांत अपराजित होता. खेळपट्टी कोरडी, पहिल्या दिवसापासून चेंडू वळविणारी. विदर्भाच्या उमेश यादव यांनीं चार गडी टिपले व पाहुण्यांचा डाव २६० धावांत आटोपला. पुढें मात्र फासे उलटले. तीन बाद ९४ वरून आपला संघ १०५ धावांत गारद झाला. अखेरचे सात गडी अवघ्या ११ धावांत पडले! दुसऱ्या डावांत १०७. डावखुरे फिरकी गोलंदाज स्टीव्ह ओकीफ यांनीं दोन्ही डावांत ३५ धावांत सहा-सहा बळी घेतले. तिसऱ्याच दिवशीं ३३३ धावांनीं आपला पराभव झाला.

असें कां व्हावें? चेंडू वळेल या भरंवशानें आपले फलंदाज खेळले. ओकीफ यांचे कित्येक चेंडू सरळच आले. जी खेळपट्टी प्रत्येकाचाच चेंडू वळविते, ती श्रेष्ठ व सामान्य गोलंदाजांतील अंतरच पुसून टाकते. तिच्यावरच स्टीव्ह स्मिथ यांनीं शतक झळकाविलें. मात्र आपण त्यांचे झेल वारंवार सोडले. पुढें आंतरराष्ट्रीय क्रिकेट मंडळानें ती खेळपट्टी निकृष्ट ठरविली.

शिवकालीं मावळ्यांचें बळ भूमीच्या ओळखींत होतें. येथें मात्र भूमि आपली असून ती ओळखली पाहुण्यांनीं. पुढें बंगळूर येथें भारतानें बरोबरी साधली, रांची येथें सामना अनिर्णित राहिला, आणि धर्मशाळेस अजिंक्य रहाणे यांच्या नेतृत्वाखालीं विजय मिळवून चषक २-१ असा जिंकला. तेथील खेळपट्टी वेगवान गोलंदाजांनाही साथ देणारी होती. म्हणूनच त्या विजयाचें मोल अधिक.

ज्या चषकावर प्रतिस्पर्ध्याचेंही नांव आहे, तो निर्मळ रणांगणावरच जिंकावा. गहुंज्याच्या मातीनें हाच धडा दिला.