ख्रिस्ती महाविद्यालय, शिष्यवृत्ती आणि घरचा हिशेब



बारावीचा निकाल लागला की खेड्यापाड्यांतल्या पुष्कळ घरांत एक प्रश्न उभा राहतो. मुलगी हुशार आहे, गुण चांगले पडले आहेत. गुरुजी म्हणतात, तिला शहरातल्या एखाद्या नामांकित कॉलेजात पाठवा. मग कोणी मुंबईच्या विल्सनचे किंवा झेवियर्सचे नाव घेतो, कोणी नागपूरच्या हिस्लॉपचे, कोणी अहमदनगर कॉलेजचे. तेवढ्यात घरातले एखादे वडीलधारे माणूस म्हणते, "ती मिशनऱ्यांची कॉलेजं. ती आपल्यासाठी नव्हेत, आणि आपल्याला परवडायचीही नाहीत." झाले! विषय तिथेच मिटतो. अर्ज भरला जात नाही, आणि मुलीचे शिक्षण त्या एका वाक्यावर अडून राहते.

या वाक्यात दोन समजुती आहेत. पहिली थोडक्यात पाहू, कारण ती चुकीची आहे एवढे सांगितले की पुरे. दुसरी अर्धी खरी आहे, म्हणून तिच्यावर जास्त वेळ घालवू.

ही कॉलेजे ख्रिस्ती संस्थांनी काढली हे खरे. विल्सन कॉलेजचा उगम रेव्हरंड जॉन विल्सन यांनी १८३२ साली सुरू केलेल्या शाळेत आहे. झेवियर्स १८६९ सालचे, हिस्लॉप १८८३ सालचे. अहमदनगर कॉलेज डॉ. भा. पां. हिवाळे यांनी १९४७ साली, म्हणजे देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी स्थापन केले. पण ती केवळ ख्रिस्ती मुलांसाठी कधीच नव्हती. धर्मशास्त्राचा इतिहास लिहून १९६३ साली भारतरत्न झालेले महामहोपाध्याय पां. वा. काणे दापोलीच्या मिशन हायस्कुलात आणि मग विल्सन कॉलेजात शिकले. आणखी काय दाखला हवा?

शिवाय कायदाही स्पष्ट आहे. अल्पसंख्याकांना स्वतःच्या संस्था काढण्याचा व चालविण्याचा हक्क राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने दिला आहे, आणि आपल्या समाजातील मुलांसाठी काही जागा त्यांना राखता येतात. बाकीच्या जागा सर्वांना गुणांवर खुल्या असतात. तसेच २८ व्या कलमाप्रमाणे, सरकारने मान्यता किंवा अनुदान दिलेल्या संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून, आणि तो सज्ञान नसेल तर पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षण घ्यायला लावता येत नाही. तेव्हा ती भीती मनातून काढून टाका.

आता परवडण्याची गोष्ट. इथे एक भेद नीट समजून घ्यावा. एकाच कॉलेजात, एकाच इमारतीत दोन प्रकारचे अभ्यासक्रम चालतात. एक अनुदानित, म्हणजे ज्याच्या प्राध्यापकांचा पगार सरकार देते. साधे बी. ए., बी. एस्‌सी. यांच्या जुन्या तुकड्या बहुधा यात येतात, आणि त्यांचे शुल्क बेताचे असते. दुसरा विनाअनुदानित, म्हणजे ज्याचा सगळा खर्च मुलांच्या शुल्कातून भागवायचा. त्याचे शुल्क कितीतरी पट जास्त असू शकते. म्हणून "त्या कॉलेजची फी किती?" असे विचारू नका. "या अभ्यासक्रमाची, या तुकडीची फी किती, आणि ती अनुदानित आहे की नाही?" असे विचारा. याचे उत्तर कॉलेजच्या माहितीपुस्तकात असते. नसले तर कार्यालयात विचारायला संकोच कसला?

प्रवेशाच्या दिवसांत आम्ही प्राध्यापक टेबलाच्या अलीकडे बसतो आणि पालक पलीकडे. माझा अनुभव असा, की मुले फीपायी थोडी गळतात. जास्त गळतात ती राहण्याजेवण्याच्या खर्चापायी. एक हिशेब करून पाहू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. समजा, वर्षाची फी १२ हजार, खोली आणि खानावळ ६० हजार, पुस्तके व प्रवास ८ हजार. एकूण झाले ८० हजार. आता शिष्यवृत्तीने सगळी फी माफ झाली. गावात पेढे वाटले. पण उरले किती? ६८ हजार! ते कुठून यायचे हे ठरले नसेल, तर दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेले पोर परत जात नाही.

म्हणून शिष्यवृत्तीचा विचार करताना तिचे दोन भाग पाडावेत : फीसाठी काय मिळते, आणि पोटासाठी काय मिळते.

फीसाठी अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके विमुक्त आणि इतर मागासवर्ग यांच्याकरिता मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातींसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. राखीव प्रवर्गात न बसणाऱ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क-शिष्यवृत्ती आहे. तिची मर्यादा आठ लाख. पोटासाठी पाहाल, तर वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार योजना, आदिवासी मुलांसाठी स्वयं योजना, आणि इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांना काही अभ्यासक्रमांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता मिळतो. प्रत्येकीच्या अटी निराळ्या आहेत, त्या त्या वर्षीच्या वाचूनच अर्ज करावा.

ख्रिस्ती कुटुंबांनी इथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू, आणि पुढे १९५६ पासून शीख व १९९० पासून बौद्ध, यांनाच मिळतात. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेली कुटुंबे महाराष्ट्रात इतर मागासवर्गीयांच्या यादीत येतात. त्यांनी तो दाखला काढावा. अनुसूचित जमातींना मात्र धर्माची अट नाही. अल्पसंख्याक मुलांसाठी राज्याची वेगळी शिष्यवृत्तीही आहे.

राज्याच्या बऱ्याचशा शिष्यवृत्त्यांचे अर्ज आता महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावे लागतात, आणि पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. खाते जोडलेले नसेल तर मंजूर रक्कमही अडकते. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास, जिथे लागेल तिथे नॉन-क्रिमीलेअर, हे निकालानंतर काढायला निघाल तर तहसील कचेरीत तेव्हा सारा तालुका उभा असतो. ज्या दाखल्यांना वर्षाचे बंधन नाही ते आदल्या दिवाळीतच काढून ठेवा. उत्पन्नाचा दाखला तेवढा नव्या आर्थिक वर्षाचा लागतो, तो एप्रिल उजाडताच मागा. आणि एकदा मिळालेली शिष्यवृत्ती आपोआप पुढे चालू राहत नाही. दरवर्षी अर्ज करावा लागतो.

आणखी एक. शिष्यवृत्ती मंजूर होणे आणि हातात पडणे यांत महिने जातात. ते महिने निभावतील एवढी पुंजी आधी बाजूला काढा. आणि फीची रक्कम मुलाच्या खात्यात जमा झाली, तर ती कॉलेजची आहे हे विसरू नका. ती बियाण्यात किंवा लग्नात गेली, की वर्षाअखेर कॉलेजची बाकी उभी राहते.

एवढे करून कमी पडले तर? कॉलेजच्या प्राचार्यांना भेटा. जुन्या कॉलेजांतून देणगीदारांच्या ठेवींवर गरजू मुलांना मदत मिळते, पण ती मागावी लागते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात रुजवलेली 'कमवा आणि शिका' ही पद्धत आज विद्यापीठांनीही उचलली आहे. ग्रंथालयात किंवा कार्यालयात काही तास काम करून मुले महिन्याचा खर्च भागवतात, त्यात कमीपणा नाही. शेवटचा मार्ग कर्जाचा. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. हप्ते शिक्षण संपल्यानंतर सुरू होतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढते, हे सही करण्यापूर्वी समजून घ्या.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना विनंती. आपल्या शाळेतल्या बारावीच्या मुलांच्या पालकांना दिवाळीनंतर एका संध्याकाळी बोलवा. फळ्यावर दोन रकाने आखा. एकात फी, दुसऱ्यात राहणे-खाणे. प्रत्येकापुढे पैसा कुठून येणार, कोणता दाखला लागणार आणि तो कधी काढायचा, ते लिहा. ज्या घरात कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, त्या घराला हे सांगणारे तुमच्याशिवाय दुसरे कोण आहे? "परवडायचे नाही" हे वाक्य हिशेबानंतर म्हटले गेले तर त्याला काही अर्थ आहे. हिशेबाआधी मात्र कोणी ते म्हणू नये.