हवापालटाचं गाव

श्रोतेहो, लहानपणी आमच्या घरात 'पाचगणी' हा शब्द एखाद्या महागड्या औषधाचं नाव घ्यावं तसा घेतला जायचा. आम्ही कोपरगावची माणसं. गोदावरीचा काठ, कालव्याचं पाणी, ऊस आणि गुऱ्हाळं हे आमचं जग. घरातल्या कुणीही पाचगणी पाहिलेली नव्हती. पण आईच्या पेटीत एक चिठ्ठी होती. १९५५ च्या सुमारास आईच्या वडिलांना, म्हणजे आमच्या नानांना क्षय झाला. डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर खाली एक ओळ लिहिली होती : पाचगणीला हवापालट करावा.

नाना गुऱ्हाळावर काम करायचे. पाचगणी राहू द्या, ते पुण्यालाही कधी गेले नव्हते. त्यांचा हवापालट झाला तो घरातून मळ्यातल्या छपरापर्यंत. ताट वेगळं, तांब्या वेगळा. नानी भाकरी दुरूनच ठेवून यायची. पुढच्या पावसाळ्यात नाना गेले. ती चिठ्ठी मात्र कुणी फेकली नाही.

पुढे मी कविता लिहू लागलो. एका कविसंमेलनासाठी साताऱ्याला गेलो असताना वाट वाकडी करून पाचगणी गाठली. चिठ्ठी खिशात होती. वाई सोडून पसरणीचा घाट चढताना खाली कृष्णेचं खोरं उलगडत जातं आणि वर हवा एकदम हलकी होते. नानांना इथे पाठवायचं होतं तर, असं मनात आलं आणि घशात काहीतरी अडकलं.

दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधली ही जागा. इंग्रजांनी आधी महाबळेश्वर वसवलं; पण तिथला पाऊस असा की पावसाळ्यात साहेबाला गाशा गुंडाळावा लागे. तिथून पूर्वेला जेमतेम अठरा-वीस किलोमीटरवर पाचगणी. ढग महाबळेश्वरच्या डोंगरावरच रिते होतात, त्यामुळे इथे पाऊस त्याच्या निम्म्याहूनही कमी. उंची चार हजार फुटांवर, उन्हाळा सौम्य, हवा कोरडी. बारमाही राहता येईल अशी ही जागा १८६० च्या दशकात जॉन चेसन या इंग्रजाने वसवायला घेतली. सिल्व्हर ओकसारखी परदेशी झाडं त्याने लावली. तो इथेच राहिला आणि त्याची कबरही इथेच आहे. मागोमाग पारशी आले, शाळा आल्या, वसतिगृहं आली.

आणि आजारी माणसंही आली. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं. विश्रांती, मोकळी हवा, ऊन, दूध-अंडी आणि रोज तापाची नोंद, एवढाच इलाज. १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी इथे बेल-एअर हे क्षयरुग्णांसाठीचं आरोग्यधाम सुरू केलं. घरचे, शेजारचे ज्यांच्यापासून चार हात लांब राहत, त्यांना इथे निदान खाट मिळे आणि नाडी बघायला कुणीतरी हात धरी.

अशी गावं युरोपात पुष्कळ होती. पोलंडमध्ये तर त्यांची मोठी परंपरा आहे. चेहोचिनेक या गावी काटेरी फांद्या रचून लाकडी भिंती उभ्या केल्या आहेत. त्यांवरून खारं पाणी झिरपत ठेवतात. समुद्रापासून कितीतरी दूर असूनही तिथे समुद्राची हवा खाता येते. तात्रा पर्वतातलं झाकोपाने हे छातीच्या रोग्यांचं गाव. अशा गावाला पोलिश भाषेत 'उझ्द्रोविस्को' म्हणतात. 'आरोग्य' या अर्थाच्या शब्दावरूनच तो शब्द आला आहे.

पोलंडचं नाव मी उगाच काढलं नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने लाखो पोलिश माणसांना घरांतून उचलून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेलं. त्यांतून जगलेल्यांपैकी अनेकजण १९४२ मध्ये इराणमार्गे बाहेर पडले. त्यांतली अनाथ मुलं जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला सांभाळली. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोकांची वसाहत होती. त्यांत बायका आणि मुलंच जास्त. उपासमारीने त्यांतल्या कितीतरी मुलांच्या छात्या पोकळ झाल्या होत्या. अशा मुलांना हवापालटासाठी पाठवलं गेलं, ते पाचगणीला. जी मुलं आपल्या देशात असती तर कदाचित झाकोपानेला गेली असती, ती सह्याद्रीच्या माथ्यावर श्वास घेत होती.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट. १९४४ च्या मे महिन्यात गांधीजी आगाखान पॅलेसमधून आजारी अवस्थेत सुटले आणि जुलैत विश्रांतीसाठी पाचगणीला आले. १७ जुलैला त्यांनी इथून जिनांना गुजरातीत पत्र लिहिलं, भाऊ म्हणून. पुढे सप्टेंबरात मुंबईत दोघांची बोलणी झाली आणि फिसकटली. जिनांच्या फुफ्फुसातही क्षय होता हे जगाला पुष्कळ उशिरा कळलं. मुसलमान घरात जन्मलेल्या माझ्यासारख्या मराठी कवीला हे पत्र पुन्हापुन्हा आठवतं. लिहिणारा आजारी, वाचणारा आजारी, आणि देशाची हवा त्याहून बिघडलेली.

१९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, मग आयसोनियाझिड आलं. १९५९ मध्ये मद्रासच्या क्षयरोग केंद्रातल्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगाची समजूत बदलली. एका गटाला आरोग्यधामात ठेवलं होतं, दुसऱ्याला दाटीवाटीच्या गरीब घरांत, औषध तेच. बरे होण्याचं प्रमाण जवळपास सारखं निघालं. घरातल्या इतरांना होणारी लागणही वाढली नाही. हवापालटाची सक्ती संपली आणि जगभरची आरोग्यधामं ओस पडू लागली.

हे मी वाचलं तेव्हा चिठ्ठी पुन्हा काढून पाहिली. नानांना पाचगणीची गरजच नव्हती. गरज होती ती वर्षभराच्या गोळ्यांची, आणि त्या आमच्या गल्लीतही खाता आल्या असत्या. ते न परवडणाऱ्या हवेसाठी झुरत गेले.

पाचगणी आज शाळांचं, स्ट्रॉबेरीचं आणि सहलींचं गाव आहे. सुटीच्या दिवशी टेबललँडकडे गाड्यांची रांग लागते. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ साली केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. ज्या हवेवर गाव वसलं, ती हवाच आता जपावी लागते. बेल-एअर पुढे रेड क्रॉसकडे गेलं, आणि समाज एचआयव्हीबाधितांना दूर लोटत होता तेव्हा त्यांच्यासाठीही तिथे खाटा मांडल्या गेल्या. मला त्या गावाची ही सवय सगळ्यात मोलाची वाटते.

क्षय अजून गेलेला नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्याच देशात आहे. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. हा रोग खोकल्यातून, हवेतून पसरतो, ताट-तांब्यातून नाही. योग्य उपचार सुरू झाले की काही आठवड्यांत लागणीचा धोकाही पुष्कळ कमी होतो. तरीही आमच्या भागात मी आजसुद्धा वेगळी काढलेली ताटं पाहतो. लग्न मोडेल म्हणून मुलीचा आजार लपवलेला पाहतो.

म्हणून, श्रोतेहो, आपल्या घरात कुणाला हा आजार झाला तर खिडकी उघडी ठेवा, खोकताना तोंडावर रुमाल धरायला सांगा, गोळ्यांचा एकही दिवस चुकू देऊ नका. आणि भाकरी दुरून ठेवू नका, जवळ बसून वाढा. नानी म्हातारपणी एवढंच म्हणायची, त्यांच्याशेजारी बसायला हवं होतं.